टाकीतलं ताक

२४ सप्टेंबर
लोखंड कातायच्या लेथखालची टाकी उपसली. भरलं तेव्हा कूलंट, म्हणजे कातताना वर सोडायचं तेलपाणी, दुधासारखं पांढरं होतं, आता धुण्याच्या पाण्यासारखं झालंय. चुंबक फिरवून लोखंडाचा बुरादा काढला. मग सासऱ्यांच्या, आबांच्या जुन्या धोतराची दुहेरी घडी घालून सगळं गाळलं. आता दोन दिवस कॅनमध्ये निवळू द्यायचं. वर काळं तेल येतं ते पळीनं काढायचं, खालचा गाळ तसाच सोडायचा, मधलं नळीनं ओढून परत मशीनला. बाबांनी शिकवलेली रीत. लेथही बाबांचीच, माहेराहून आलेली. दर वेळी नवं कूलंट आणणं कुठं परवडतंय.

बोटांच्या बेचक्यांत पुन्हा आग. मेंदी लावून घेतली. झोंबली फार, पण पुरळ झाकलं. नवरात्र आहे, कुणी विचारणार नाही.

२७ सप्टें.
विचारलंच. पीठ मळताना हात थांबला आणि सं.नी पाहिलं. (सं. म्हणजे हे. इतकी वर्षं झाली लग्नाला, अजून पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.) गाडीवर बसवून थेट डॉक्टरीणबाईंकडे. मशीनच्या तेलपाण्यानं होतंय म्हणाल्या, हात कोरडे ठेवा, त्यापासून लांब राहा. सं. म्हणाले, हातमोजे घाल. फिरत्या लेथवर हातमोजा घालणं म्हणजे तो गुंतून हात गेलाच, हे मी सांगायचं त्यांना. शेंद्र्याला कंपनीत स्टोअर सांभाळतात, मशीनशी संबंध बिलापुरता.

येताना मागं न बघता म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. हात बरे नाही झाले तर मशीन विकून टाकू. जालना रोडचा एक वर्कशॉपवाला विचारतोय."

बाबांची एवढीच वस्तू माझ्याकडे. आणि मला माझं म्हणून येतं असं कामही एवढंच.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मशीन पुसून लख्ख केलं. पूजा आबांनी केली. सासऱ्यांचा जन्म करमाडच्या माळावर मेंढरांमागं गेला. गुडघे गेले, कळप विकला, तेव्हापासून इथं आमच्याजवळ आहेत. जीव लावायला काही राहिलं नव्हतं, तो आता लेथला लावलाय. रोज सकाळी विचारतात, "पाणी पाजलं का तिला?" म्हणजे कूलंट चालू केलं का.

झेंडूचा हार, हळद-कुंकू. नारळ मशीनपाशीच फोडला आणि पाणी चकवर, लोखंड पकडणाऱ्या जबड्यावर सोडलं. दसरा धरून मशीन बंद. मी हात जोडले तेव्हा मागायला एकच होतं.

३ ऑक्टो.
सुरू केलं आणि शेडभर सडक्या अंड्याचा वास. टाकीत झेंडूच्या पाकळ्या, खोबऱ्याचा तुकडा, वर हळदीचा तवंग. नारळाचं पाणी वाहून खालीच जाणार, ते मला कळायला हवं होतं. टाकीवर फळी टाकली असती तर... देवाचं केलेलं, बोलायचं कुणाला. पुन्हा उपसलं, पुन्हा गाळलं.

७ ऑक्टो.
गाळलं, निवळलं, तरी वास. आज मागच्या अंगणात चूल मांडून भगुन्यात तापवलं, दूध तापवतात तसं, उतू न जाऊ देता. बाबा नासायला आलेलं कूलंट असंच वाचवायचे. वासानं शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. सं. न जेवताच शिफ्टला गेले. थंड झाल्यावर भरलं आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून ठेवलाय, बुडबुडे सोडायला. साचलेलं सडतं, हलतं राहिलेलं टिकतं.

बोअरचं पाणी जड आहे म्हणून असेल का? आजपर्यंत कधी असं झालं नव्हतं. अक्कल चालेना झालीय.

१० ऑक्टो.
दोन दिवस बरं होतं, आज पुन्हा घाण. जिचं काम घेते त्या कंपनीनं बुशांची, मी कातलेल्या लोखंडी कड्यांची, खेप परत पाठवली, प्रत्येकावर गंजाचे ठिपके. सं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. जेवण झाल्यावर माझ्यासमोरच वर्कशॉपवाल्याला फोन लावला. पाडव्यानंतर बघायला येतो म्हणाला.

पुरळ आता कोपरापर्यंत.

१२ ऑक्टो., रविवार
मी बाजाराला निघाले, पिशवी विसरले म्हणून अर्ध्यातून परत. शेडमध्ये वाटलेल्या कडुलिंबाचा वास. आबा टाकीशी उकिडवे बसलेले, हातात तांब्या.

"आबा, काय घालताय?"

दचकले नाहीत. "ताक हाय. हळद आन् लिंबाचा पाला वाटून घातलाय."

"कधीपासून?"

"तुझे हात पाह्यले तवापसून. मेंढराला खरूज झाली की आमी सगळा कळप औषधाच्या पाण्यातून काढायचो. तुला कसं काढावं? म्हणून पाण्यालाच औषध दिलं."

असा संताप आला की तांब्या हिसकावून भिंतीवर मारावा. इतके दिवस मी धोतरं पिळतेय, चुली पेटवतेय, आणि हे मागून ताक ओततायत. सांगून टाकलं की ताकानंच सडलं सगळं, त्यानंच बुशं गंजली. ते तांब्यात बघत राहिले. मग म्हणाले, "म्या बिघडवलं व्हय." आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत.

संताप गेलेला नाही. पण एक सारखं मनात येतंय. माझे हात बघून सं.नी गिऱ्हाईक शोधलं, आबांनी औषध.

१४ ऑक्टो.
सं.ना सांगितलं, बोअरच्या पाण्यानं झालं. सरळ खोटं. आबा शेडकडं फिरकत नाहीत, "पाणी पाजलं का" हेही विचारत नाहीत. रोज त्या प्रश्नाला हसायचे मी. आज मशीन चालू करताना चुकल्यासारखं झालं.

१७ ऑक्टो., वसुबारस
आता हे कूलंट वाचत नाही. कितीही ढवळा, तेल वेगळं, पाणी वेगळं, फाटलेलं दूध जसं. नाइलाजानं सगळं काढलं. नाल्याकडं बादली घेऊन निघाले तर ओट्यावरून आवाज आला, "तिथं वतू नको, बकऱ्या पेत्यात ते पाणी." मग ड्रममध्ये भरून झाकण लावलं. जळकं तेल नेणारा आला की देऊ त्याला.

आबा उठून आलेच. सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी धुतली. कोपऱ्यातली बुळबुळ त्यांनी करवंटीनं खरवडून काढली, मला हात घालू दिला नाही. नवं भरायला पावसाचं धरून ठेवलेलं पाणी घेतलं. आधी पाणी, मग त्यात तेलाची बारीक धार. उलटं केलं तर गाठी होतात. आबा काठीनं ढवळत होते, ताक घुसळताना असतं तसं तोंड करून. पांढरंशुभ्र झालं.

मीच विचारलं, "पाजायचं का तिला?"

"पाज," म्हणाले.

इथं लिहून ठेवते, बाहेर बोलायची हिंमत नाही. पुरळ आलं ते ताकाच्या आधी. ताकानं वाढलं असेल, सुरू त्यानं झालं नाही. या स्वच्छ कूलंटनंही आलं तर मग खोट माझ्या कातडीतच.

२० ऑक्टो.
बुशांची खेप पुन्हा करून दिली, या वेळी एकही ठिपका नाही. उजव्या हाताचं पुरळ उतरलंय. डाव्याच्या बेचकीत मात्र काल रात्री कंड सुटला. पहाटे आंघोळीला उटणं लावलं तर डोळ्यांत पाणी आलं.

आबांनी ते पाहिलं असावं. दुपारी बघते तर टाकीशी पाट टाकून बसलेले, हात कूलंटमध्ये मनगटापर्यंत. काढा म्हटलं तरी काढेनात.

"औषध आधी आपल्या हाताला लावून बघायचं, मंग मेंढराला. खोट तुझ्या कातड्यात हाय का पाण्यात, कळंल की."

मी कुणाला न बोललेलं त्यांनी नेमकं ओळखलं, आणि बरोबर आहे. त्यांनाही उठलं तर दोष कूलंटचा, दुसऱ्या जातीचं आणून बघता येईल. नाही उठलं तर मशीन जाणार. पण त्यांचे हात म्हणजे वहाणेचं कातडं. काटे मोडले त्या हातांवर, त्यांना काय होणार. तसं म्हटलं तर म्हणाले, "बघू की."

२२ ऑक्टो., पाडवा
सं.ना ओवाळलं. ताट डाव्या हातात धरलं होतं, त्यांची नजर हातावरच. साडी आणलीय, रंग चांगला आहे. वर्कशॉपवाला परवा सकाळी येणार, तेही सांगून टाकलं.

आबा आजही टाकीशी बसून. सणाचा दिवस आहे म्हटलं, तर हात आणखी खोल बुडवले.

२३ ऑक्टो.
रात्री जेवताना आबांनी उजवा हात सं.च्या ताटापुढं धरला. बेचक्या लालभडक.

"मलाबी आलंय. सुनेच्या कातड्यात खोट नाय, पाण्यात हाय. पाणी बदला, मशीन कशाला इकता?"

सं.नी त्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. डॉक्टरीणबाईंना विचारून दुसरं कुठलं कूलंट मिळतं का ते बघू म्हणाले, आणि ताटावरून उठून वर्कशॉपवाल्याला फोन केला. उद्या येऊ नका, महिनाभर थांबा.

मी आबांना भाकरी वाढायला वाकले. ट्यूबच्या उजेडात तो हात अगदी जवळून दिसला. लाल होतं खरं, पण पुरळ उठतं तसे फोड कुठं नव्हते. सरळ रेघा होत्या, शेजारी शेजारी, नखांच्या अंतराच्या. डाव्या हाताची नखं त्यांनी मुठीत मिटून ठेवली होती.

त्यांनी हात मागं घेतला आणि भाकरी मोडत म्हणाले, "सकाळी तिला पाणी पाजून ठेव."

मी हो म्हणाले. माझा डावा हात तेवढा वेळ पदराखाली होता. खाजत होता.