चिमटीतली वायर

तीर्थरूप बाबांना,

जावयाचा नमस्कार. आपण पलीकडच्याच खोलीत आहात आणि आत्ताच दोनदा शिंकलात, म्हणून प्रकृतीची विचारपूस करतो. सासऱ्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नाही. म्हणून कागद.

आपल्या चाचणी-खोलीचं दुखणं आपण जाणताच (निवृत्त होऊनही रोज सगळ्यांच्या आधी येता). ट्रान्झिस्टरमध्ये बेस आणि कलेक्टर जिथे भिडतात, तिथे कुणी न बसवलेला एक इवलासा कपॅसिटर आपोआप तयार होतो. उलटा व्होल्टेज वाढवला की मधला रिकामा पट्टा रुंदावतो आणि त्या कपॅसिटरची धारिता (कपॅसिटन्स) उतरते, हे आपणच मला शिकवलंत (पुढे मुलगीही दिलीत). ती आठ पिकोफॅरडच्या आत हवी. ठरलेला व्होल्टेज देऊनही आपल्या नगांची दहा भरते.

आपल्याच अध्यक्षतेखाली समिती बसली. टेबल बदललं. पंखा बंद झाला. स्टोअरकीपरचा स्टीलचा ग्लास नुसत्या संशयावरून बाहेर गेला. आकडा ढिम्म. मीटरची वायर हलू नये म्हणून आपण दर वेळी ती मायेने चिमटीत धरून उभे (हाताची धारिताही मोजमापात मिसळते असं पुस्तकात आहे, पुस्तक जुनं आहे). मंगळवारी आपण डोळे तपासायला गेलात आणि सगळे नग साडेसात पिकोफॅरडवर पास झाले. मंगळवारी हवा कोरडी होती, असा समितीचा निष्कर्ष निघाला. फोरमन मला कोपऱ्यात म्हणाला, "आता सांगा की त्यांना. जावई तुम्ही आहात, आम्ही नाही."

शुक्रवारी गिऱ्हाइकाचा तपासनीस येतो आहे. त्याच्यासमोर दहा आले तर माल परत, आणि मालामागून मी. साहेबांनी हे हसत सांगितलं (एरवी ते हसत नाहीत).

बाकी क्षेम. औषध वेळेवर घ्यावं.

आपला,
जावई

ता. क. तपासनिसाच्या स्वागताचा मान आपल्याला दिला आहे. गुच्छ मोठा आहे, दोन्ही हातांनी धरावा लागेल. तो मोजणी संपल्यावर द्यायचा आहे. तोवर दारातच थांबावं, ही विनंती.

दुसरा ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, "बाबा गुच्छ तुझ्याच हातात कोंबतील आणि टेबलाशी येतील." म्हणून आपल्यासाठी दुसरा गुच्छही सांगून ठेवला आहे.

तिसरा ता. क. आपण आत आलात. कागद हलतो म्हणून आपण तो धरला आहे. "लिही, लिही," म्हणालात. "मला काही दिसत नाही. चष्मा शनिवारी मिळणार." म्हणजे हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं. ही नाही म्हणते. फोरमनला विचारून बघतो.