दोघांनाही वरपक्ष व्हायचं होतं

४ ऑगस्ट, सातारा

"तुमा दोगींचं सूत जुळवायचं म्हंजे दोन मुलूख जोडायचं काम हाय." आई हे म्हणाली, त्याला तीस वर्षं झाली. मी आणि धाकटी रेश्मा तेव्हा एका कंपासपेटीवरून भांडत होतो. आज आठवलं, कारण आता खरंच मुलूख जोडायला बसलेय – चांगले पंधरा! अंतराळ स्थानक इतक्या देशांनी मिळून कसं बांधलं, यावर मुलांसाठी पुस्तक. आपला एक माणूस तिथे राहून आल्यापासून पुण्याच्या संपादकांना एकदम आकाश दिसायला लागलंय. 'सहकार्य' हा शब्द पानोपानी आला पाहिजे म्हणाले. इथल्या मुलांना सहकार म्हटलं की कारखान्याची निवडणूक आठवते, हे त्यांना कोण सांगणार!

७ ऑगस्ट

एक तुकडा रशियात बनला, दुसरा अमेरिकेत. जमिनीवर दोघांची गाठ नाही. १९९८ साली चारशे किलोमीटर वर पहिल्यांदा समोरासमोर आले – आणि बसले की बरोबर! आमच्या बिल्डिंगीत एकाच प्लंबरचे दोन पाइप एकमेकांत बसत नाहीत.

पहिला तुकडा पकडून दुसऱ्याला जोडणारा यंत्राचा हात मात्र तिसऱ्याचाच. कॅनडाचा.

९ ऑगस्ट

आज मजा सापडली. १९७५ साली रशिया-अमेरिका या दोघांची यानं वर जोडायची ठरली. तोवरची रीत अशी, की एकाने पुढे घुसायचं, दुसऱ्याने आत घ्यायचं. पण आत घेणारा व्हायला कोण तयार? दोघांनाही वरपक्ष व्हायचं होतं! शेवटी अभियंत्यांनी दोन्ही तोंडं हुबेहूब सारखी केली. महासत्ता म्हणे. पत्रिकेत चौथं नाव आलं म्हणून फलटणचे मामा मांडवातून उपाशी गेले होते, त्यांना उगाच हसलो आम्ही.

संपादकांच्या चित्रकाराने स्थानकाचं चित्र पाठवलं. पंख फुटलेला कुकर दिसतोय.

रेश्माने यंत्र काढलं की त्याचा स्क्रू फिरवावासा वाटतो. सांगलीला शाळेत चित्रकला शिकवते ती. चार पुस्तकं केली आम्ही मिळून. चौथ्यावर तिचं नाव छापायचं राहिलं आणि बाईसाहेबांनी बोलणं टाकलं. सात वर्षं! प्रेसची चूक म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. पण मान पाहिजे ना, मान.

१२ ऑगस्ट

आईला फोन. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने रेश्माकडे अशी राहते. निरोप, लोणचं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तिच्याच हातून. तिला कॅनडाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आमच्यातला कॅनडा तूच की! हसली. मग म्हणाली, "मी तरी किती दिस हात लांब करू गं? खांदा दुखतूया माजा."

१४ ऑगस्ट

खंडाळ्याच्या शाळेत सहावीला कच्चं लिखाण वाचून दाखवलं. वरची माणसं लघवीचं पाणी गाळून पुन्हा पितात, यावर वर्ग पाच मिनिटं हातात नव्हता. मग दोन सारख्या तोंडांची गोष्ट. मागच्या बाकावरून अक्षता नावाची मुलगी उठली. दोन्ही सारखी, मग पहिल्यांदा पुढं कोण आलं?

अमेरिका, म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा जोडली, तेव्हा रशिया.

"मग कमीपना कुणाला आला?"

"कुणालाच नाही."

"मग आदी भीत का हुते, बाई?"

संपादकांना विचारून सांगते म्हणाले. चाळिशी उलटलेली बाई मी!

१५ ऑगस्ट

एका झेंड्याच्या दोरीला तीन पुढाऱ्यांचे हात. झेंडा अर्ध्यात अडकला.

१६ ऑगस्ट

काही लिहिलं नाही. चित्रातला कुकर बघत बसले.

१७ ऑगस्ट

ती नाहीच म्हणणार. तरी पाठवलं. आईकडून नाही, सरळ तिलाच. इथे उतरवून ठेवते:

"रेशू, तुझं नाव प्रेसने गाळलं नव्हतं. शेवटच्या प्रुफावर मीच काट मारली. लोक आधी तुझ्या चित्रांचं बोलायचे, मग माझं. ते मला सोसलं नाही. आता दोन यानं जोडली जातात त्या क्षणाचं चित्र हवंय आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तुझं नाव आधी, माझं खाली. काढशील?"