न्गोबी मन लावून ऐकतो

४ फेब्रुवारी, सकाळ
न्गोबी अडीच वर्षांचा झाला, अजून एक शब्द नाही. काळजीचं कारण नाही. मुलगे उशिरा बोलतात आणि लागले की थांबत नाहीत. माझंच उदाहरण. अख्ख्या जिंजा शहराची सकाळ रेडिओवरच्या माझ्या आवाजानं होते. कागोया म्हणाली, अहो, दवाखान्यात दाखवू या. तिला सांगितलं, इसाबिर्येच्या पोराला आवाजासाठी दवाखाना लागत नाही.

६ फेब्रुवारी
शेजारच्या नाइगागाची मिरेंबे याच्याच वयाची. आज कुंपणापाशी येऊन म्हणाली, काका, तुमची कोंबडी आमची रताळी खाते. आगाऊ कार्टी. वर नाइगागा म्हणते, तुमचा बोलायला लागला की कळवा हो.
संकल्प: महिनाभरात न्गोबी पूर्ण वाक्य बोलणार.

११ फेब्रुवारी
शिकवणी सुरू. ‘दूध’ म्हटल्याशिवाय कप द्यायचा नाही. न्गोबी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ओठ हलवले, अगदी माझ्यासारखे. आवाज नाही. दूध दिलं नाही. कागोयानं मागून चोरून पाजलं. अशानंच पोरं बिघडतात.

१५ फेब्रुवारी
मला चावला. इच्छाशक्ती दांडगी आहे.
संध्याकाळी कागोयानं त्याच्या पाठीमागे मुद्दाम पातेलं आपटलं. शेजारची बकरीसुद्धा उडाली. हा ठोकळ्यावर ठोकळा रचत बसला. काय ती एकाग्रता. कागोया रडली. बायकांना एकाग्रता कळत नाही.

२३ फेब्रुवारी
हल्ली रोज त्याला मांडीवर घेऊन उद्याच्या बातम्या वाचून दाखवतो. एकदाही मध्ये तोंड घालत नाही. या घरात मन लावून ऐकणारा तेवढा एकच.

१ मार्च
कागोया पुन्हा दवाखाना म्हणाली. मी ओरडलो. पोराला खरी गरज माइकची आहे. शनिवारचा मुलांचा कार्यक्रम माझाच. न्गोबी थेट प्रसारणात बोलेल. नाइगागाला आणि मिरेंबेलाही बोलावलंय. तुलना होऊ दे.

७ मार्च
मी जाहीर केलं, आता माझा मुलगा बोलेल. न्गोबीनं माइक चाटला. बाकी शांतता. मिरेंबे मध्येच म्हणाली, काका, त्याला ऐकूच येत नाही, मी त्याला हातानं बोलावते. जिंजाभर ऐकू गेलं. स्टुडिओतल्या ऑपरेटरनं लगेच साबणाची जाहिरात लावली.
तांत्रिक बिघाड होता.

९ मार्च
साहेब म्हणाले, काही दिवस घरी राहा, लोक विचारतायत. बाजारात दोघांनी माझ्याशी हातवारे करून बोलून दाखवलं. कागोयाला मात्र गंमत वाटली नाही. म्हणाली, उद्या मी त्याला कंपालाला नेतेय, तुम्ही या नाहीतर राहा. गेलोच पाहिजे. डॉक्टरांशी नीट बोलणारं कुणीतरी हवं.

१० मार्च
दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी का नाही आणलंत? मी म्हणालो, ही माझं ऐकत नाही. परतताना मिनीबस टॅक्सीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, कागोया न्गोबीला घेऊन पार मागे जाऊन बसली.

२८ एप्रिल, दुपार
आज न्गोबीच्या कानांत श्रवणयंत्रं बसवून घरी आलो. कागोयानं हाक मारली. न्गोबी थबकला, वळला, हसला. मिरेंबेनं कुंपणापलीकडून हाक मारली, खिदळला. कोंबडी ओरडली, तिच्यामागे पळाला.
मग मी. खास रेडिओवरच्या आवाजात म्हणालो, न्गोबी, बाळा, मी तुझा बाबा.
त्याचा चेहरा उतरला. रडला नाही. एक यंत्र काढून आईच्या हातात दिलं. कागोया म्हणाली, हळू बोला. हळू बोललो. त्यानं दुसरंही काढलं.
ती म्हणाली, अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का.
अंगणात बसलोय. आत यंत्रं पुन्हा घातलेली दिसतात. तो हसतोय.