सात साखळ्या बारा आणे

बाबा, तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी आमच्या रस्त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला एसीची खोली मिळाली, पडदे मिळाले, चपला बाहेर काढायचा नियम मिळाला. आम्ही चार बायका ज्या संडासासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत होतो तो मात्र मिळाला नाही. देवघरात जावं तशी माणसं त्या खोलीत जायची, आणि चपलांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवायची. मी आता निवृत्त झाले आहे, पण त्या खोलीची किळस अजून माझ्यासोबत निवृत्त झालेली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण त्या खोलीत एक दिवस तुमच्या नकाशावर आळ आला, आणि तो ऐकायला तुमच्या वतीनं मीच तेवढी तिथं होते.

तुम्ही निजामाच्या पैमाईश, म्हणजे जमीनमोजणीच्या, कचेरीत शिकलेले नक्शानवीस. गावोगावचे नकाशे काढण्यात तुमची हयात गेली. आपल्या घरात उजेड चांगला यायचा तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून, म्हणून तुम्ही पाट घेऊन तिथंच बसायचात आणि आईच्या ज्वारीच्या पिठाचे कण तुमच्या कापडी नकाशावर येऊन पडायचे. तुम्ही फुंकर मारायचात, आई पुन्हा थापायची. तो एक दिवस मला अजून दिसतो. मी चौथीत आहे, कॉन्व्हेंटचा निळा फ्रॉक अंगावर आहे, सिस्टरनं त्याच आठवड्यात दशांश चिन्ह शिकवलं आहे, आणि मला जगात जिथं तिथं दशांश चिन्ह दिसतं आहे. तुमच्या नकाशावर एका रेघेशेजारी लिहिलं आहे ७.१२.

"बाबा, हे सात पॉइंट बारा आहे. म्हणजे सात आणि वर थोडंसंच."

"हे आणे हायेत," तुम्ही मान वर न करता म्हणता. "साखळी तेहतीस फुटांची, साखळीचे आणे सोळा. सात साखळ्या बारा आणे. म्हंजे पावणेआठ."

"मग मधात ठिपका काऊन? आडवी रेघ मारा ना."

"रेघ मारली तं ते मोजणीची रेघ वाटते. नकाशावर फालतू रेघ नाई पायजे. तुह्या सिस्टरले म्हन, साखळी धरून ये वावरात."

"येईन बी ते," आई तव्याकडे बघत म्हणते, "पन तिचा झगा बोराटीत अडकन."

आई हसते, मी हसत नाही. मी पेन्सिल उचलून त्या ठिपक्याच्या जागी रेघ मारायला जाते, आणि तुम्ही माझ्या हातातून पेन्सिल काढून घेता. "शायेतलं शायेत ठेव." एवढंच म्हणता. ओरडत नाही. ओरडला असतात तर मी विसरले असते.

पुढं मीही त्याच कामात आले आणि तुम्ही मला तुमची सागवानी स्केलपट्टी दिलीत, निर्मलहून आणलेल्या रंगीत डबीत घालून. त्या पट्टीवर आयुष्यभर तुम्ही गावं लहान केलीत, कागदावर मावतील एवढी. कॉम्प्युटरचं उलटं आहे, आणि हे मात्र तुम्हाला आवडलं असतं. त्याच्या आत स्केल नसतंच. तिथं भिंत भिंतीएवढी काढायची, नाला नाल्याएवढा, गाव गावाएवढं. लहान करायचं ते फक्त शेवटी, कागदावर छापताना. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या ऑफिसातल्या डिप्लोमावाल्यांच्या डोक्यात ती शिरेना. कोणी कागदाच्या हिशेबानं तीन मिलिमीटरची अक्षरं टाकायचा, ती गावाएवढ्या चित्रात मुंगीच्या पायाएवढी होऊन नाहीशी व्हायची, आणि हे महाशय रुमालानं पडद्याची काच पुसत बसायचे. हद्दीची तुटक रेघ सलग दिसायची, कारण तिचे तुकडेही तसेच डोळ्याला न दिसण्याइतके बारीक झालेले असायचे. रेघेच्या तुकड्यांचं प्रमाण वाढवा, अक्षरांची उंची वाढवा, हे मी सांगायचे आणि ते म्हणायचे, मशीनमध्ये व्हायरस आहे.

बाजारहत्नूरच्या बाजूला, आमच्या मराठी बोलणाऱ्या पण हैदराबादच्या हुकमाखालच्या मुलखात, एका गावाबाहेरून नवीन रस्ता न्यायचा होता, वस्ती आणि नाला यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यातून. हैदराबादहून एक इंजिनिअर आला होता, पांढरे बूट घालून. त्या बुटांना आमची काळी माती लागू नये म्हणून की काय, त्यानं जमिनीवर नव्यानं मोजणी केलीच नाही. तुमच्या जुन्या नकाशावरचे आकडे ऑपरेटरला वाचून दाखवले, ऑपरेटरनं ते टाइप केले, पडद्यावर गाव उभं राहिलं, आणि वस्तीच्या मागच्या भिंतीपासून थोडी जागा सोडून यानं रस्त्याची कड आखली. मग वस्तीच्या पुढच्या अंगाला असलेल्या हद्दीच्या दगडापासून पडद्यावरच्या आकड्याइतकं अंतर मोजून माणसांकडून चुन्याची रेघ मारून घेतली. ती रेघ वस्तीतल्या अख्ख्या रांगेच्या घरांतून गेली.

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतली एक बाई ऑफिसात आली. माझ्याच वयाची, पदर कमरेला खोचलेला. चपला न काढता सरळ एसीच्या खोलीत शिरली, आणि माझं मन तिथंच तिच्या बाजूला झालं.

"साहेब, माह्या चुलीवरून रस्ता काऊन नेऊन राह्यले तुमी?"

इंजिनिअरनं पडद्याकडे बोट दाखवलं. "देखो. कॉम्प्युटर में रोड घर के बाहर है. मतलब तुम लोगों ने घर आगे बढ़ाया. अतिक्रमण है."

"घराले पाय असते तं आमी आंधी दवाखान्यापाशी नेलं असतं," ती म्हणाली. "इतं नाल्याच्या मच्छरात कायले सरकवू?"

खोलीतले दोघंतिघं हसले. तो हसला नाही. अतिक्रमणवाल्यांना मोबदला मिळत नाही, एक पैसाही नाही, असं त्यानं तिला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, जणू ती बहिरी होती. ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तं मराठी दिसता. सांगा ना याले. माहा सासरा त्याच घरात मेला, तवा हा साहेब पैदा बी नसन झाला."

मी छापलेला कागद हातात घेतला. कोपऱ्यात प्रमाण लिहिलं होतं, एकास हजार. मी तुमची पट्टी लावली, तिच्या मागच्या कडेवर मी मीटरच्या खुणा करून घेतल्या होत्या. कागदावरची शंभर मीटरची रेघ शंभर मीटर भरेना, कमी भरली. हा प्रकार मला ठाऊक होता. छापताना ऑपरेटरनं कागदात बसेल तसं छाप असा हुकूम दिला होता, त्यामुळं चित्र आक्रसलं, पण कोपऱ्यातलं एकास हजार तसंच ऐटीत उभं राहिलं. अशा कागदावर पट्टी लावणं म्हणजे खोट्या साक्षीदाराच्या शपथेवर विश्वास ठेवणं. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि खऱ्या प्रमाणात पुन्हा छापायला लावलं. आता पट्टी बरोबर लागली. पण वस्ती जिथल्या तिथं. रस्ता अजूनही घरांच्या बाहेरून, मोकळ्या जागेतून चाललेला.

"अब तो मान गए, मॅडम?" तो म्हणाला. "या तो घर सरका है, या वो पुराना नक्शानवीस सो रहा था."

बाबा, त्या खोलीत तुम्ही झोपला होतात असं म्हटलं गेलं, आणि तोंडात चहाचा घोट असलेल्या माणसानं म्हटलं. बाहेर बाकावर ती बाई बसून होती. घरं सरकली असं ठरलं तर तिची रांग मोबदल्याशिवाय पडणार होती. घरं सरकली नाहीत असं ठरलं तर तुम्ही चुकला होतात. मला दोन्ही नको होतं. तो जेवायला गेला तेव्हा मी तुमचा मूळ नकाशा टेबलावर पसरला, ऑपरेटरला शेजारी बसवलं आणि एकेक रेघ पडद्यावरच्या रेघेशी ताडून पाहू लागले. साखळीचे मीटर करताना चूक झाली असेल असं आधी वाटलं, पण पूर्ण साखळ्यांच्या रेघा अगदी तंतोतंत होत्या. दहा साखळ्या म्हणजे दहाच. बाकीच्यांत मात्र कुठं लांबी जास्त, कुठं कमी. स्केल चुकलं तर सगळं एकाच प्रमाणात चुकतं. नकाशा फुगतो नाहीतर आटतो, त्याचा चेहरा बदलत नाही. इथं गावाचा चेहराच वाकडा झाला होता. म्हणजे स्केल नाही, कोणीतरी आकडेच वेडेवाकडे दिले होते. मी बोट फिरवत दगडापासून वस्तीच्या मागच्या भिंतीपर्यंत आले. तुमचं अक्षर. ७.१२.

मला पिठाचा वास आला. खरंच आला, त्या एसीत.

"सात पॉइंट पंच्याहत्तर टाका," मी ऑपरेटरला म्हटलं.

"मॅडम, यहाँ तो सात पॉइंट बारा लिखा है."

"माझ्या बापानं लिहिलंय. मला विचारा. बारा आणे आहेत ते, पाऊण साखळी."

त्यानं टाकलं. पडद्यावर भिंत वीसेक फूट पुढं सरकली आणि रस्त्याची कड घरांच्या पोटात राहिली, चुन्याच्या रेघेनं जिथं त्या बाईची चूल कापली होती तिथंच. ऑपरेटर तेलुगूत काहीतरी पुटपुटला, बहुतेक देवाचं नाव असावं. घर सरकलं नव्हतं. नक्शानवीस झोपला नव्हता. आण्यांना पॉइंट समजून अख्खं गाव टाइप झालं होतं, आणि ते टाइप करताना एकालाही वाटलं नाही की ठिपक्यापुढं पंधराच्या वर एकही आकडा कसा येत नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे आकडे बदलले. रस्ता नाल्याकडे सरकवावा लागला, तो सरकवला. आणि मग त्या पांढऱ्या बुटानं टिपणी लिहायला घेतली, की जुन्या नकाशातील सदोष लेखनामुळे घोळ झाला. मी म्हटलं, नकाशा सदोष नाही, तुमचं वाचन सदोष आहे. तो दमलेला होता, त्याला हैदराबादची बस पकडायची होती.

"मॅडम, मुर्दे पर डाल दिया तो किसका बिगड़ता है?"

"मेरा बिगड़ता है. वो मेरे वालिद थे."

तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि तेच वाक्य, एक शब्द न बदलता, टाइप करायला दिलं. कॉन्व्हेंटमध्ये मला सॉरी म्हणायला शिकवलं होतं ते चूक थांबवण्यासाठी. हा ते चूक चालू ठेवण्यासाठी म्हणाला. अतिक्रमण हा शब्द परत घ्यायला वस्तीत कोणी गेलं नाही. साहेब गेला नाही, शिपाईसुद्धा गेला नाही. शेवटी रविवारी मीच गुडीहत्नूरच्या बसनं निघाले, पुढं एका जीपमध्ये कोंबून घेतलं आणि पोचले. त्या बाईनं चुन्याची रेघ कधीच शेणानं सारवून टाकली होती.

"कोनाची वाट पाहू?" ती म्हणाली. "चुलीवर चुना कोन ठेवन?" मग चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं, "सापडली का वो चूक? कोनाची होती?"

"ऑफिसची," मी म्हटलं.

ते खरं होतं. पण बाबा, पूर्ण खरं नव्हतं. तो ठिपका तुमचा होता. नकाशावर फालतू रेघ नको, हे तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण चौथीतल्या पोरीनं विचारलेला प्रश्नही बरोबर होता, आणि तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. एक आडवी रेघ मारली असतीत तर कोणाच्या चुलीवर चुना पडला नसता. हे मी त्या खोलीत मेले असते तरी बोलले नसते. इथं बोलते, कारण तुम्ही उलट उत्तर देणार नाही, कारण मेलेल्या माणसावर टाकलं तर

पुढचं लिहिता येईना. ज्या माणसाची एवढी किळस आली, त्याचंच वाक्य माझ्या पेनातून निघालं.

तेव्हा हा कागद कुठं जाणार नाही. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, चार घड्या घातल्या की बरोबर मावेल. पण एक सांगून ठेवते. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तुमचा मूळ नकाशा माझ्यासमोर होता आणि पेन्सिल माझ्या हातात होती. पुन्हा कोणी फसू नये म्हणून प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक बारीक रेघ मारायची, एवढंच काम. ज्या ऑफिसात मी कोणाच्या बापाला घाबरले नाही, तिथं चष्मा लावून, पिकल्या केसांनी बराच वेळ बसले, आणि पेन्सिल परत ठेवून दिली. माझ्याच बापाला घाबरले.