देऊन टाकलेले मासे

पप्पा, आज सकाळी टँकचं पाणी बदलताना तुमचं हिरवं कोरल पुन्हा कापावं लागलं. इतकं वाढलंय की काचेला टेकायला लागलं होतं. कापलेला तुकडा आडगावच्या एका मुलीला दिला. तिने नवीनच टँक केलाय. तिने विचारलं, "हे कुणी लावलं होतं?" मी म्हटलं, "वडिलांनी." ती गेली, आणि हात पुसून मी हे लिहायला बसले.

तुम्ही ते आणलंत तेव्हा मी बारावीत होते. नाशिकला समुद्र नाही ना, मग घरातच आणू, असं तुम्ही आईला समजावलं होतं. दिंडोरीच्या वायनरीतून दमून यायचात आणि बूटही न काढता टँकसमोर बसायचात. रविवारी स्वयंपाकघरात निळं पिंप, त्यात आरओचं पाणी, पाण्यात समुद्राचं मीठ. आई ओरडतेय, "अहो, पोळपाटावरसुद्धा मीठ सांडलंय!" तुम्ही हसता आणि बादली उचलता. एवढं करूनही कोरल मिटलेलंच राहायचं, कारण टँकमध्ये मासे फार झाले होते. कुणाची बदली झाली, कुणाला सांभाळणं झेपेना, की त्यांचे मासे आपल्याकडे यायचे. तुम्हाला नाही म्हणताच यायचं नाही. इतक्या माशांचं खाणं, त्यांची घाण, सगळं पाण्यात उतरायचं, खडकांवर शेवाळ चढायचं आणि कोरल गुदमरायचं. कॉलेज रोडच्या दुकानदाराने स्पष्टच सांगितलं, मासे निम्मे करा, नाहीतर कोरलचा नाद सोडा. परत येताना मी मागून म्हटलं, "थोडे देऊन टाकू या ना." तुम्ही स्कूटर कडेला घेतलीत. "आपल्या दारात आलेल्याला बाहेर काढायचं? हे शिकलीस तू?" त्यानंतर तुम्ही पाणी जास्त बदलायला लागलात, घाणीचा फेस काढणारं मोठं मशीन आणलंत, माशांचं खाणं मोजूनमापून द्यायला लागलात. कोरल अर्धवट उघडायचं आणि आठवड्याभरात पुन्हा मिटायचं.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी तुमचं हृदय थकलं. हॉस्पिटलमधली ती दुपार. आई डबा आणायला घरी गेलेली. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारता, "कोरल उघडलं का गं?"

"नाही, पप्पा."

तुम्ही म्हणता, "मग मासे देऊन टाक. आधी मोठे दे. पण घर बघून दे."

"तुम्ही घरी आलात की बघू."

तुम्ही हो म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुला एकटीला एवढ्या बादल्या नाही उचलता येणार."

तेरावं झाल्यावर मी एकेक मासा दिला. घर बघूनच दिला. शेवटचा पिवळा मासा पिशवीत घालत होते, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. "त्यांना जाऊन महिना नाही झाला, आणि तू त्यांचं सगळं वाटत सुटलीस?" कित्येक दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मी ऐकून घेतलं. पुढे उन्हाळा सरता सरता कोरल पूर्ण उघडलं. पाण्यात हिरवी बोटं हलावीत तसं. ते तसं तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत, ही रुखरुख काही जात नाही. पाहुणे त्याचं कौतुक करायला लागले की मी उठून आत जाते.

हा कागद मी फाडणार आहे, कारण माझं टेबल आईच आवरते. तिचा राग कधीच निवळला. पण त्या दुपारचं तुमचं बोलणं मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर मासे द्यायला तुम्हीच सांगितलंत हे तिला कळेल. आणि आपण आता परत येत नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हेही कळेल. दोन दिवसांत डिस्चार्ज मिळणार होता, घरी यायला किती आतुर झाले होते, असं ती अजून सगळ्यांना सांगते. मी शेजारी बसून "हो" म्हणते.