धुऱ्यावरचा समेट

बाबा, आपल्या गावात खून झाला. आठवडा होत आला, तरी हे वाक्य लिहिताना हात थांबतो. तुमच्यानंतर गावची पोलीस पाटील मीच झाले, हेही तुम्हाला ठाऊक नाही. तळ्याखालच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, त्या हातभर रुंद मातीच्या बांधावरून, दोन सख्ख्या भावांचं भांडण पेटलं होतं. पोलीस ठाण्याच्या बीट जमादारांना बोलावून मी तंटामुक्ती समितीपुढे त्यांचा समेट घडवला. दोघांनी सह्या केल्या, एकमेकांना चहा दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने मोठ्याला त्याच धुऱ्यावर कुऱ्हाडीने तोडलं. मी पोचले तेव्हा मोठ्याचा एक पाय अजून चिखलात रुतलेला होता आणि धाकटा शेजारी बसून बिडी ओढत होता. "मीच मारलो, पाटीलबाई," तो म्हणाला, जणू मी वेळ विचारली होती. मला रडूही आलं नाही. अजून येत नाही.

तेव्हापासून एकच दिवस डोळ्यांपुढे येतो. मी सातवीत असेन. मोहाच्या दारूपायी दोन घरं एकमेकांवर धावून गेली होती. माणसं ओट्यावर ओरडत होती आणि तुम्ही त्यातल्या एका घरात सरळ आत, चुलीपाशी, बायांमध्ये जाऊन बसला होता. मी जेवायला बोलवायला येते. "बाबा, सह्या घ्या न् चला ना." तुम्ही सगळ्यांदेखत मला झापता. "काऊन घाई करून राहिलीस? सही हाताची असते. आधी मनातलं आयकू दे." मी लाजून उंबऱ्यातच उभी. बऱ्याच वेळाने त्या घरची म्हातारी उठते, तांदळाच्या कोठीत लपवलेला कोयता काढते आणि तुमच्यापुढे ठेवते.

परवा ठाणेदारांनी माझा जबाब घेतला. "आधी काही कानावर आलं होतं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

आलं होतं, बाबा. खुनाच्या आदल्या दिवशी धाकट्याची बायको दारात आली होती. "बाई, तो कुऱ्हाडीले धार लावून राहिला." देवरीला तहसीलच्या बैठकीसाठी मी समेटाचा अहवाल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "लाकडं फोडाची असंन. जा तू घरी." ती गेली. तिने अजून हे कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही. तुम्ही असता, तर तुमच्यापासूनही लपवलं असतं.