ह्यांनी आवळलेला फिल्टर

मंगळवार, ८ ऑक्टोबर २००२
वटार

आज व्हॅन सर्व्हिसिंगला नेली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. ॲग्नेल मेकॅनिकने विचारलं, "वहिनी, ऑइल फिल्टर ओरिजनल टाकू का लोकल? लोकलपण चालतो." मी म्हटलं, ओरिजनलच. ह्यांचा हट्टच होता तो. फिल्टर स्वतः आणायचे, त्याच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावायचे आणि हातानेच आवळायचे. ॲग्नेललासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत.

जुना फिल्टर काही केल्या सुटेना. ॲग्नेल हसला, "भाऊंचा हात, वहिनी!" आणि त्याने सरळ स्क्रूड्रायव्हर ठोकून आरपार घातला, पिळला. मला बघवेना. थांब म्हणावंसं वाटलं. पण सांगणार तरी काय होते, राहू दे म्हणून?

नवा लगेच बसला. जुना मी पिशवीत घालून घरी आणला. पडवीत ठेवलाय, भोकातून अजून काळं ऑइल गळतंय. मुलगी म्हणते, आई, फेक तो.

ओरिजनल का लोकल, एवढंच मला विचारलं. काढू का, हे कुणी विचारलंच नाही.

गाडी छान चालतेय. फक्त आता तिच्यात ह्यांच्या हाताने आवळलेलं काहीच उरलं नाही.